टेम्पो भरून उभा होता आणि मी गेटपास दिला नाही

ही गोष्ट जानेवारी २०२४ ची. ती अजून पूर्ण मिटलेली नाही त्यामुळे यशोगाथा समजून वाचू नका. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी (तिन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि आबांचा जुना लेथ, जो विकायचा विषय काढला की घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही. सहा माणसं कामाला. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घ्यायचं, मशीनिंग करायचं, माल पोचवायचा, एवढाच धंदा. कोल्हापुरात हे करणारे ढिगानं आहेत त्यामुळे आपल्यावाचून कुणाचं अडतंय असा गैरसमज कधीच नव्हता, उलटच होता, आणि ह्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे.

तेव्हा महिन्याला साधारण नऊ लाखांचं बिलिंग व्हायचं. त्यातलं साडेसहा लाख एकाच गिऱ्हाइकाचं. पुण्याकडची पंप बनवणारी कंपनी, नाव लिहीत नाही. त्यांना बेअरिंग हाउसिंग, म्हणजे पंपातलं बेअरिंग बसतं तो भाग, द्यायचो. काम २०१९ च्या सुरुवातीला लागलं आणि ऑगस्टात महापूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगलोर रस्ता कित्येक दिवस बंद, ट्रकांच्या रांगा. माझा माल शॉपमध्येच पडून. वाटलं गेलं काम हातातनं, पण त्यांनी पेनल्टी लावली नाही, दुसरीकडं ऑर्डर दिली नाही, फोन करून घरचे सगळे बरे आहेत का एवढं विचारलं. त्या एका फोनच्या ओझ्याखाली मी पुढची चार वर्षं होतो. हे मुद्दाम लिहितोय कारण लोकांना वाटतं मोठ्या गिऱ्हाइकापुढं छोटा माणूस फक्त घाबरून गप्प बसतो. तसं नसतं, उपकाराचाही वाटा असतो त्यात.

पीओवर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर, पेमेंट ६० दिवस लिहिलेलं होतं. पहिल्या वर्षी पासष्ट दिवसांत यायचं. कोविडनंतर नव्वद झाले. २०२३ च्या दिवाळीपर्यंत एकशेवीस. एका दिवसात झालं असतं तर भांडलो असतो, पण दर वेळी आठ दिवस वाढले की माणूस काय भांडणार, "सर जरा बघा की" म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

एक गंमत सांगतो. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाठ असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सकाळी उठलं की दात घासायच्या आधी व्हॉट्सॲपवर "किती झालं?" मी पण त्यातलाच, इंचाचा हिशेब ठेवणारा. आणि माझी स्वतःची येणी किती चढलीत हे मला जानेवारी २०२४ पर्यंत नक्की माहीत नव्हतं. टॅलीत होतं सगळं. उघडून बघत नव्हतो. बघितलं की पोटात गोळा यायचा म्हणून बघायचंच नाही, असा आमचा कारभार.

पगार आमच्याकडं सात तारखेला होतो. त्या जानेवारीत दहाला झाला. कुणी एक शब्द बोललं नाही. चहाचा टपरीवाला मात्र बोलला, १,८४० रुपये बाकी होती, म्हणाला मालक ह्या खेपेला जरा वेळेत बघा. इन्सर्टवाला (मशीनला लागणारी कापायची पाती विकणारा) रोखीचा डिस्काउंट द्यायचा तो त्यानं न सांगता बंद केला होता. म्हणजे माझी पातळी बाजाराला माहीत होती, मलाच नव्हती.

आता मोटिव्हेशनचं. त्या काळात मी रोज पहाटे पाचला उठून व्हिडिओ ऐकायचो, मोठी स्वप्नं बघा, कम्फर्ट झोन सोडा, वाघ व्हा वगैरे. ऐकताना अंगावर काटा यायचा, आठ वाजता शॉपचं शटर वर केलं की उतरायचा. दोष व्हिडिओवाल्यांचा नाही, ते बोलत होते त्यात माझ्या वहीतला एकही आकडा नव्हता एवढंच. मी दुकान रोज उघडत होतो ते जोशामुळं नाही, सव्वाआठला ऑपरेटर दारात येऊन उभा राहतो म्हणून. कुणी मानो न मानो, पण वाईट दिवसांत तेवढंच पुरतं.

वळण आणलं बायकोनं, आणि तेही भांडणातनं. मी आपलं रडगाणं गात होतो की हे गिऱ्हाईक गेलं तर आपण संपलो. ती म्हणाली, संपलो म्हणजे किती दिवसांत? मी म्हटलं म्हणजे काय, संपलोच. ती म्हणाली नाही, मला तारीख सांगा, मला भिशीचे पैसे भरायचेत. चिडलो, पण उत्तर नव्हतं. रात्री साडेदहाला पोराच्या गणिताच्या वहीतलं पान फाडलं आणि बसलो.

तो कागद अजून जपून ठेवलाय. पहिला आकडा, ह्या एका कंपनीकडून येणं २९ लाख ८० हजार. त्यात साडेचार लाखांच्या वर तर नुसता जीएसटी, जो मी दर महिन्याच्या २० तारखेला भरून मोकळा झालो होतो, थोडा कास्टिंग घेताना भरलेल्या टॅक्सच्या क्रेडिटमधनं, बाकीचा रोख. म्हणजे गिऱ्हाइकानं मला न दिलेला टॅक्स मी सरकारला देऊन बसलो होतो, आणि हे नियमाप्रमाणंच आहे, सरकार बिलाची तारीख बघतं, तुमचं पेमेंट आलं का नाही ते बघत नाही.

दुसरा हिशेब, हे गिऱ्हाईक मला मिळवून काय देतं. साडेसहा लाखांच्या मालात कास्टिंग ३ लाख ६०. इन्सर्ट, लाईट, कूलंट, गाडीभाडं ७५ हजार. उरले २ लाख १५. पगार, शेडचं भाडं, मशीनचा ६२ हजारांचा हप्ता, लाईटचा फिक्स आकार असा महिन्याचा पक्का खर्च २ लाख ३६ हजार, त्यातला ह्या गिऱ्हाइकाच्या वाट्याचा १ लाख ७०. राहिले ४५ हजार. इथपर्यंत मला अंदाज होता. पुढचं कधी मांडलंच नव्हतं. पीओवर ६० दिवस असले तरी कायद्यानं पैसे पंचेचाळीस दिवसांत यायला हवे होते (कायदा पुढं सांगतो), ते एकशेवीस दिवसांनी येतात, म्हणजे अडीच महिन्यांचं बिलिंग, टॅक्स धरून एकोणीस लाख, कायम अडकलेलं, आणि ते मी बँकेच्या सीसीतनं (कॅश क्रेडिट कर्जातनं) साडेअकरा टक्क्यांनी आणि उरलेलं फाउंड्रीवाल्याच्या भलेपणावर चालवतोय. ते सगळं सीसीच्याच दरानं धरलं तर महिना अठरा हजार. वर दर महिन्याला रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल खराब म्हणून पैसे कापल्याचा कागद, दहाएक हजारांची, इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितला तर "पाठवतो" म्हणायचे. खाली उरले सतरा हजार.

सतरा हजार. ज्या गिऱ्हाइकासाठी मी रात्री अडीचला उठून छताकडं बघत होतो त्याची कमाई माझ्या ऑपरेटरच्या पगारापेक्षा कमी होती.

इथं माझा सीए मित्र लगेच मध्ये पडला, आणि बरोबर पडला. म्हणाला, शहाण्या, गिऱ्हाईक गेलं तर तुझे फक्त सतरा हजार जात नाहीत, तो १ लाख ७० चा पक्का खर्च कुणाच्या डोक्यावर घालणार? मशीनचा हप्ता काय गिऱ्हाईक बघून कमी होतो? हे धंद्यात नव्या असणाऱ्या प्रत्येकानं ऐकायला पाहिजे, नाहीतर माझा पहिला हिशेब वाचून उद्या कुणीतरी गिऱ्हाईक हाकलून मोकळा व्हायचा. मग तिसरा हिशेब, बायकोनं विचारलेला. ते काम उद्या बंद झालं तर पक्का खर्च, घरखर्च ३५ हजार, बँकेचं व्याज १५ हजार मिळून २ लाख ८६. बाकीच्या छोट्या गिऱ्हाइकांकडनं हाताला लागतात १ लाख ३०. खड्डा १ लाख ५६ चा. एफडी ३ लाख १० ची. म्हणजे दोन महिने.

बायकोला सांगितलं, दोन महिने. ती म्हणाली ठीक आहे, आणि झोपली. मी पण झोपलो, लय दिवसांनी सलग. आता दोन महिने हा काही आनंदाचा आकडा नाही. पण "संपलो" ह्या शब्दाला तळ नव्हता, दोन महिन्यांना आहे. मी घाबरत होतो ते न मोजलेल्या पाण्याला.

कायदा मला माहीत नव्हता असं नाही, ऐकून होतो. नीट समजला तो त्याच आठवड्यात. एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, २००६ चा कायदा आहे, त्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतला तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या वर जात नाही, लेखी काही नसेल तर १५ दिवस. म्हणजे माझ्या पीओवरचे ६० दिवसच मुळात कायद्यात बसत नव्हते, आणि त्याच्यावर सही माझी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे सव्वावीस टक्के. तेव्हा सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता यायची, ती असे थकलेल्या पैशांचे तंटे ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जायची. माझं उद्यम रजिस्ट्रेशन (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२० चं होतं त्यामुळे कागद पक्के होते. (नुसता ट्रेडिंगचा धंदा असेल तर उद्यमचा नंबर मिळतो पण हे उशिराच्या पेमेंटचं संरक्षण नाही, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.)

आणि त्या वर्षी एक नवीन गोष्ट होती, इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच). २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षापासून लागू. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चला ते थकलेलंच असलं तर त्या वर्षी तो खर्च म्हणून धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी धरायचा. म्हणजे माझे पैसे अडकवून ठेवले तर त्यांचा टॅक्स वाढणार. ह्या कलमानं फेब्रुवारी-मार्चला सगळ्या अकाउंट्स खात्यांची पळापळ झाली होती, रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा मेल, तुम्ही एमएसएमई आहात का, डिक्लरेशन पाठवा. काही ठिकाणी तर सप्लायरलाच सांगायचे की तुमचं उद्यम काढून टाका. मलाही फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मी पण हसलो होतो तेव्हा.

आता टेम्पो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेल आला, ३०० हाउसिंग अर्जंट, दहा दिवसांत पाहिजेत, लाईन थांबेल. पोरांनी दोन शिफ्ट करून आठव्या दिवशी माल तयार केला. अडीच टनाच्या आसपास वजन, बिल टॅक्स सोडून ३ लाख ४५ हजार. संध्याकाळी पाचला टेम्पो भरला, बिल केलं, ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा कागद, ठरावीक मुदतीचा) केलं, ताडपत्री बांधून झाली. ड्रायव्हर केबिनच्या दारात गेटपास मागायला उभा. आणि मी सहीच करेना.

ठरवून केलं का म्हणाल तर अर्धं ठरवून. दोन दिवस डोक्यात होतं की ह्या मालावर बोलायचं, कारण त्यांना आपली गरज आहे अशी वेळ वर्षातनं एखाद्याच वेळी येते. कागदावर तीन वाक्यं लिहून ठेवली होती. पण टेम्पो भरेपर्यंत फोन लावायचं धाडस झालं नव्हतं, आणि भरल्यावर पळवाट उरली नाही. हात थरथरत होते हे कबूल करतो. वाघ वगैरे काही झालो नव्हतो.

फोन लावला. वाक्यं वाचून दाखवली अक्षरशः. सर, माल भरून उभा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरची बिलं अजून यायचीत, त्यातले निदान सहा लाख आल्याशिवाय मी गाडी सोडू शकत नाही, पगार थकलेत. बाकीच्याचं वेळापत्रक लेखी द्या. पलीकडनं आधी हसणं, मग "अहो तुम्ही आमचे जुने व्हेंडर, असं कसं बोलता", मग आवाज चढला, "ब्लॅकलिस्ट व्हाल." मी चौथं वाक्य लिहिलंच नव्हतं, त्यामुळे गप्प बसलो. आयुष्यात केलेला सगळ्यात चांगला सौदा बहुतेक त्या गप्प बसण्यात झाला, आणि तोही तयारी कमी पडल्यामुळं. फोन कट झाला.

ड्रायव्हरला म्हटलं आज नाही जायचं, हॉल्टिंगचे पैसे देतो. तो मजेत मागं ताडपत्रीवर झोपला. आबा केबिनमध्ये येऊन बसले. उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑइल इंजिनाचे पार्ट काढलेला माणूस. मला वाटलं शिव्या देणार. म्हणाले, "आम्ही गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बसत हुतो, तू त्येचा माल तुझ्या दारात बसवलास. बरं केलंस. पण ज्येची लाईन थांबणार त्येला सांगितलास का?" मी म्हटलं कुणाला? "परचेसवाला सोड रं. मशीनवर हुबा असतोय त्येला."

नव्हतं सांगितलं. त्यांच्या प्रॉडक्शनला एक इंजिनियर होता, माझ्याच वयाचा, ड्रॉइंगमधली चूक असली तर रात्री अकराला फोन करून समजावून सांगणारा. त्याला एक फोन करायला पाहिजे होता. केला नाही, कारण मला भीती होती की त्यानं विनंती केली तर मी वितळीन.

रात्री पावणेदहाला त्यांच्या अकाउंट्समधनं फोन, बँक डिटेल्स तेच आहेत ना. दुसऱ्या दिवशी दुपारी ६ लाख २० हजार आरटीजीएसनं आले. ई-वे बिल अजून चालत होतं, जुन्याच बिलावर गाडी सोडली. त्या इंजिनियरची लाईन अर्धी शिफ्ट थांबली आणि मेमो त्याला मिळाला. त्यानं त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. एक मेसेज पाठवला होता माफीचा, निळ्या टिका आल्या, बस्स.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न मागता ११ लाख आले. ती माझ्या हिमतीची कमाई नव्हती, ४३बी(एच) ची होती, उगाच श्रेय घेत नाही. बाकीचे बहुतेक सगळे चार हप्त्यांत ऑगस्टपर्यंत आले. मी कौन्सिलकडं गेलो नाही. जाऊ शकलो असतो, व्याज मागू शकलो असतो, पण तिथं गेल्यावर ते गिऱ्हाईक कायमचं संपतं हे समजून जायचं असतं आणि मला ते संपवायचं नव्हतं, फक्त उंची कमी करायची होती. हा निर्णय भित्रेपणाचा का शहाणपणाचा ह्यावर सीए मित्राचं आणि माझं अजून एकमत नाही.

किंमत मात्र मोजली. एप्रिलपासून ऑर्डर साडेसहावरनं तीन लाखांवर आली, त्यांनी दुसरा व्हेंडर उभा केला. जूनमध्ये एक चांगला ऑपरेटर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चार हजार जादा मिळतात म्हणून गेला, मी अडवलं नाही, अडवायला तोंड नव्हतं. एफडीतले नव्वद हजार मोडले. मे-जूनमध्ये व्हीएमसी दिवसातनं चार तास नुसती उभी असायची आणि बंद मशीनच्या आवाजासारखा वाईट आवाज नाही. आपण चूक तर नाही केली, हे त्या दोन महिन्यांत रोज वाटलं.

मग जुलैत खड्डा थोडा भरला तो आबांच्या लेथनं. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी चरक (ऊस गाळायचा घाणा) खोलतात, त्याचे बुश, शाफ्ट, गियर घासलेले असतात. पन्हाळ्याकडचा एक गुऱ्हाळवाला आबांच्या ओळखीनं आला, त्यानं आणखी चौघांना पाठवलं. असलं एक-दोन नगांचं काम सीएनसीवर परवडत नाही, लेथवर होतं. पैसे रोख, माल उचलतानाच. पंच्याहत्तर वर्षांचे आबा चष्मा लावून स्वतः मशीनवर उभे राहिले आणि तीन महिने घरात लेथच्या भविष्यावर भाषणं झाली. ऐकून घेतली. सांगलीकडची एक छोटी पंपवाली पार्टीही त्याच पावसाळ्यात लागली, दीड लाखाचं काम, पंचेचाळीस दिवस, पहिल्याच मीटिंगला उद्यमचा कागद टेबलावर ठेवून बोललो. आवाज नॉर्मल होता.

शॉपमध्ये केबिनबाहेर, पोरांना दिसेल असा पांढरा बोर्ड लावलाय. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर त्या कंपनीचं येणं किती, आणि काम थांबलं तर किती महिने तग धरतो, हे दोन आकडे लिहितो. येण्याला दोन रेघा मारल्यात, लाल पेननं, इशारा ६ लाख, धोका ८ लाख. इशाऱ्याला पोचलं की मी फोन करतो, धोक्याला पुढची गाडी भरत नाही, आणि दोन्ही वेळा त्यांच्या प्रॉडक्शनला आधी कळवतो, आता तिथं दुसरा माणूस आहे. सुरुवातीला पोरांसमोर आकडे लिहायची लाज वाटायची. आता मी विसरलो तर मोठा ऑपरेटर विचारतो, मालक, आज पाणी किती?

ह्या शनिवारी ५ लाख १० होतं, तग सव्वाचार महिने. जुन्या २९ लाख ८० पैकी १ लाख ३८ हजार डेबिट नोटांच्या नावाखाली अजून अडकलेत. इन्स्पेक्शन रिपोर्ट ते पाठवणार आहेत म्हणे.